कोणत्या दाराने आत गेलात?

1996 च्या जानेवारीत मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले. मुलगा तेव्हा बॉस्टनजवळच्या एका लहानशा गावात राहत होता. त्या हिवाळ्यात तिकडे विक्रमी बर्फ पडले. मी अडीच महिने राहिले आणि तेवढ्या काळात शेजारचे वयस्कर गृहस्थ माझ्याशी किती बोलले असतील? सकाळी दिसले की मान हलवायची, ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे, की संपले. ना कधी ‘या, बसा’, ना ‘कुठून आलात?’ आपल्याकडे जिना चढता चढता दोन बिऱ्हाडांची ख्यालीखुशाली कळते. त्या सवयीच्या मला हे फार लागले. नागपूरच्या धाकट्या बहिणीला मी लांबलचक पत्र लिहिले. त्यात एक ठसठशीत वाक्य होते : ‘अमेरिकन माणूस तुसडा असतो.’ बहिणीने ते पत्र भिशीच्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवले आणि त्या दिवशी गप्पा फार रंगल्या, असे तिने उलट टपाली कळवले. मलाही बरे वाटले.

पाच वर्षांनी मुलाने नोकरी बदलली आणि तो थेट दक्षिणेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या उपनगरात राहायला गेला. 2001 च्या वसंतात मी तिथे पोचले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर टकटक झाली. शेजारच्या आजीबाई हातात गरम पाय घेऊन उभ्या. पाय म्हणजे आत सफरचंदाचे सारण भरलेला तिकडचा गोड पदार्थ. मला ‘हनी’ म्हणाल्या, मिठी मारली, घरात येऊन बसल्या आणि माझी मुले, नातवंडे, गुडघेदुखी सगळे विचारून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मी कोणत्या चर्चला जाते तेही विचारले. मला वाटले, मी सदाशिव पेठेतच आले! पुन्हा बहिणीला पत्र गेले : ‘अमेरिकन माणूस फार मोकळा आणि अगत्यशील असतो.’

या वेळी उत्तर पत्राने आले नाही, फोनने आले. बहीण म्हणाली, “ताई, तुझा अमेरिकन माणूस पाच वर्षांत इतका कसा गं बदलला?”

ती हसत होती. मी मात्र ओशाळले. दोन्ही पत्रे माझ्याच हातची आणि दोन्हींत ‘अमेरिकन माणूस’ हा एकच शब्द. बदलला होता तो माणूस नव्हे, माझे आत शिरायचे दार.

वाटणी झालेल्या भावाचे घर

तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी दुपारी जाऊन बसत असे. तिथल्या बाईंना मी माझी फजिती सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की अशी फजिती झालेले तुम्ही पहिलेच नाही, इंग्रज पाहुण्यांची तर दोनशे वर्षांची परंपराच आहे. त्यांनी एका कपाटाकडे बोट दाखवले. त्या वसंतात आणि पुढे इकडे परतल्यावर जमेल तशी मी ती पुस्तके वाचत गेले.

ब्रिटिश प्रवाशांना अमेरिकेचे कुतूहल का, हे सहज समजते. 1776 साली वाटणी मागून वेगळ्या झालेल्या धाकट्या भावाचे घर पाहायला जावे, तसे ते जात. भाषा एक, धर्म बहुतांशी एक. त्यामुळे तिकडे एकच एक माणूस भेटेल, आपल्यापेक्षा थोडा अडाणी किंवा थोडा उत्साही, अशी त्यांची समजूत असे. प्रत्यक्षात भेटत पाच-सहा प्रकारची माणसे. आणि ते साहजिकच होते. व्हर्जिनियात 1607 पासून इंग्रज वसाहत झाली आणि ती तंबाखूवर पोसली गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1630 च्या सुमाराला आलेले प्युरिटन धर्माच्या ओढीने आले होते. काटकसर, शाळा आणि मोजके बोलणे ही त्यांची रीत. पेनसिल्व्हेनियात 1680 नंतर क्वेकर आले. डोंगराळ भागात उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडकडची कडवी, स्वाभिमानी कुटुंबे शिरली. पुढे जर्मन आणि आयरिश लोकांचे लोंढे आले. आणि दक्षिणेत साखळदंडांनी बांधून आणलेली आफ्रिकी माणसे होती. त्यांना कुठे राहायचे ते कोणी विचारलेच नव्हते.

चिखलातून आलेल्या बाई

पहिले पुस्तक निघाले ते फ्रान्सिस ट्रोलप या बाईंचे. 1832 साली लंडनला छापलेल्या या पुस्तकाने अमेरिकेत संतापाची लाट उसळली होती. बाई 1827 च्या नाताळात न्यू ऑर्लिन्स बंदरात उतरल्या आणि मिसिसिपी नदीतून आगबोटीने वर निघाल्या. बोटीवर जो तो जनरल, कर्नल नाही तर मेजर. पण जेवताना सुरी तोंडात घालणारा आणि सतरंजीवर तंबाखू थुंकणारा. त्या मेम्फिसला उतरल्या, म्हणजे मी बसले होते त्याच गावी! तेव्हा ते नदीकाठचे चिमुकले ठाणे होते. भर पावसात, चिखलातून चढण चढून त्या खाणावळीत पोचल्या. जेवायला पन्नासएक पुरुष बसले. कोणी शब्द बोलेना. बाईंचे जेवण सुरू होण्याआधी त्या सगळ्यांचे संपलेसुद्धा.

पुढे त्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला दोन वर्षे राहिल्या. रस्त्यातून डुकरे हिंडत. शेजारणी न विचारता घरात शिरत. बाईंनी तिथे एक मोठे दुकान काढले, ते बुडाले. शेवटी पूर्वेकडची शहरे पाहिली, तेव्हा कुठे त्यांना सुसंस्कृत माणसे भेटली. पण मनावर पहिला ठसा चिखलाचाच राहिला. बोट न्यू ऑर्लिन्सऐवजी बॉस्टनला लागली असती आणि दुकान चालले असते, तर पुस्तक कदाचित वेगळे झाले असते.

त्यांच्या पुस्तकातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. सिनसिनाटीत त्यांनी कामाला एक मुलगी ठेवली. तिकडे ‘नोकर’ म्हटलेले कोणाला खपत नसे, ‘मदतनीस’ म्हणायचे. मुलीला सांगितले, की तू स्वयंपाकघरात जेव. ती फणकारली. तुमच्या टेबलाशी बसायची माझी लायकी नाही असे तुम्हाला वाटते ना, पण ते इथे चालायचे नाही, अशा अर्थाचे काहीतरी तिने सुनावले. ट्रोलपबाईंनी हे अमेरिकन उद्धटपणाचे उदाहरण म्हणून लिहिले आहे. वाचताना मला हसू आले. मुलीचा आगाऊपणा मलाही खटकलाच. त्या हसण्याकडे मी नंतर पुन्हा वळणार आहे.

रिचमंडहून मागे फिरलेला पाहुणा

दुसरे पुस्तक चार्ल्स डिकन्सचे. 1842 च्या जानेवारीत तो आगबोटीने बॉस्टनला उतरला, तेव्हा तिशीलाही पोचला नव्हता. त्याचे दार उलट होते. बॉस्टनने त्याला डोक्यावर घेतले आणि त्यालाही बॉस्टन आवडले. अंध मुलांची शाळा पाहून तो भारावला. जवळच्या लोवेल गावच्या सूतगिरण्या पाहायला गेला, तर तिथल्या कामगार मुलींच्या वसतिगृहांत पियानो होते, मुली वाचनालयाच्या वर्गणीदार होत्या आणि स्वतःचे मासिकही काढत होत्या. इंग्लंडमधल्या गिरण्यांची दैना ठाऊक असलेल्या डिकन्सला हे नवल वाटले.

मग तो दक्षिणेकडे निघाला. वॉशिंग्टनला तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी त्याला किळस आणली. आणि व्हर्जिनियात जाताना आगगाडीत काळ्या लोकांसाठीच्या डब्यात एक आई आपल्या मुलांसह बसलेली त्याने पाहिली. तिला आणि मुलांना नुकतेच विकत घेतले होते. नवरा जुन्या मालकाकडेच मागे राहिला होता. मुले वाटभर रडत होती. डिकन्सला आणखी खाली चार्ल्सटनपर्यंत जायचे होते. तो रिचमंडपर्यंत गेला आणि मागे फिरला.

एवढे वाचून मला वाटले, झाले, हिशेब लागला. उत्तर अबोल पण भली, दक्षिण गोड पण क्रूर, पश्चिम ओबडधोबड. तिसऱ्या पत्राचा मजकूर तयार! पण पुढच्या पुस्तकांनी तो लिहू दिला नाही.

कर्णा लावून ऐकणाऱ्या बाई

हॅरिएट मार्टिनो ही विदुषी 1834 साली अमेरिकेला गेली. तिला ऐकू कमी यायचे. कानाला कर्णा लावून ती समोरच्याचे बोलणे ऐके. पण दोन वर्षे हिंडून तिने जेवढे ऐकले, तेवढे धड कानांच्या फार थोड्या लोकांनी ऐकले असेल. दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या घरी ती राहिली. तिच्या मतांची त्यांना कल्पना होती, तरी त्यांनी पाहुणचारात कसूर केली नाही. तिने तो पाहुणचार नाकारला नाही आणि त्या घरांमधली गुलामगिरीही लपवली नाही. मग ती बॉस्टनला आली, माझ्या आणि डिकन्सच्या भल्या बॉस्टनला. तिथे 1835 साली गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या सभेत ती चार शब्द बोलली आणि मोठमोठ्या घरांची दारे तिला बंद झाली. वर्तमानपत्रांनी झोडपले, धमक्या आल्या. गुलामगिरी वाईट हे उत्तरेत सगळे मनात म्हणत, पण उघड बोलणारा पाहुणा कोणालाच नको होता. पुढे 1838 साली तिने ‘परक्या समाजाचे निरीक्षण कसे करावे’ यावरच एक पुस्तक लिहिले. भेटलेल्या दोन-चार माणसांवरून अख्ख्या देशाविषयी निर्णय देऊ नका, असे ती त्यात प्रवाशांना बजावते. माझ्या एअरोग्रामला ते चपखल लागू होते.

फॅनी केंबल ही इंग्लंडची नामांकित नटी. 1834 साली तिने फिलाडेल्फियाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी लग्न केले. फिलाडेल्फिया म्हणजे क्वेकरांचे, उत्तरेचे शांत शहर. पण नवऱ्याच्या घराण्याची श्रीमंती येत होती जॉर्जियातल्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांतून, शेकडो गुलामांच्या कष्टांवर. 1838-39 च्या हिवाळ्यात ती तिथे चार महिने राहिली आणि बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत शेतावर जुंपल्या जाणाऱ्या बायकांची गाऱ्हाणी तिने लिहून ठेवली. संसार मोडला, 1849 साली घटस्फोट झाला. ती रोजनिशी 1863 साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, प्रसिद्ध झाली.

तेव्हा मला लोवेलच्या त्या वाचनवेड्या मुली आठवल्या. त्यांच्या मागावर येणारा कापूस कुठला? दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. उत्तर आणि दक्षिण बोलण्या-वागण्यात कितीही निराळ्या असोत, एकाच धाग्याने बांधलेल्या होत्या. तो धागा आपल्यापर्यंतही आला होता. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचा भाव आला.

डोंगर, आगगाडी आणि ‘नौलखा’

पश्चिमेचेही तसेच. इझाबेला बर्ड ही पाद्र्याची मुलगी 1873 साली कोलोरॅडोच्या डोंगरांत एकटी घोड्यावरून शेकडो मैल हिंडली. ‘रांगडे, दारूबाज लोक’ अशी त्या मुलुखाची ख्याती. पण एकट्या बाईला तिथे कोणी त्रास दिला नाही. लाँग्ज पीक हे चौदा हजार फुटांचे शिखर तिला चढवून नेले ते एका डोळ्याने अधू असलेल्या, गुंड म्हणून बदनाम झालेल्या माणसाने. 1879 साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्थलांतरितांच्या गाडीने न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला गेला. गाडीत चिनी लोकांचा डबा वेगळा. गोरे प्रवासी त्यांना घाणेरडे म्हणून नाके मुरडत आणि स्टीव्हन्सन लिहितो, की सगळ्या गाडीत अंग धुवून स्वच्छ राहण्याची धडपड करणारे तेच होते.

आणि आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंग! 1889 साली तो सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्राला त्याने अमेरिकेची टिंगल करणारी पत्रे पाठवली. शिकागोचा तर त्याला तिटकाराच आला. पण तीनच वर्षांनी तो बायकोच्या माहेरी, व्हर्मांट राज्यातल्या ब्रॅटलबरोजवळ राहायला गेला. तिथे त्याने घर बांधले, त्याला नाव दिले ‘नौलखा’ आणि बर्फाने वेढलेल्या त्या घरात मोगली आणि शेरखानाच्या गोष्टी लिहिल्या. टिंगल करायला काही आठवडे पुरले होते. जीव जडायला वर्षे लागली. अखेर मेहुण्याशी झालेल्या भांडणाने त्याला 1896 साली घर सोडावे लागले. इतक्या दिवसांत तो पाहुणा राहिला नव्हता; भाऊबंदकीसुद्धा वाट्याला आली होती.

दोन पत्रे, दोन गाळलेल्या गोष्टी

आता माझ्या पत्रांविषयी खरे सांगते. दोन्हींतून मी एकेक गोष्ट गाळली होती.

बॉस्टनच्या त्या हिवाळ्यात रोज सकाळी आमच्या पायऱ्यांवरचे बर्फ कोणीतरी फावड्याने काढलेले असे. मुलगा पहाटे कामावर जाई, सून गरोदर. एकदा मी लवकर उठले तेव्हा दिसले, शेजारचे तेच गृहस्थ. आधी आमच्या पायऱ्या, मग स्वतःच्या. आभार मानले, तर मान हलवली आणि आत निघून गेले. हे मी लिहिले नाही. ‘तुसडा’ या रंगतदार शब्दात ते बसत नव्हते.

मेम्फिसच्या आजीबाईंची गोष्ट उलटी. मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांनी सूप आणून दिले, उशाशी बसल्या. पाचव्या दिवशी मी त्यांना म्हटले, बरी झाले की मुलगा मला शहरातले नागरी हक्कांचे संग्रहालय दाखवणार आहे. त्यांनी माझा हात थोपटला आणि प्रेमळ आवाजात सांगितले, की त्या भागात जाऊ नका, तिकडे ‘ते लोक’ राहतात. मी काही बोलले नाही. सूप प्यायलेल्या तोंडाने काय बोलणार? पत्रात सूप लिहिले, ते वाक्य गाळले.

संग्रहालय मी पाहिले. लॉरेन मोटेल, जिथे 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच जागी ते 1991 साली उघडले. किंग मेम्फिसला आले होते ते संपावर गेलेल्या सफाई कामगारांसाठी. त्या कामगारांच्या हातातल्या फलकांवर एवढेच लिहिले होते : ‘मी माणूस आहे.’ तिथे उभी असताना मला सिनसिनाटीची ती कामवाली मुलगी आठवली, जिला टेबलाशी बसायचे होते आणि जिला मी हसले होते. तीही याहून वेगळे काय म्हणत होती?

त्या रात्री बहिणीला तिसरे पत्र लिहिले. त्यात फावडे लिहिले, सूप लिहिले आणि गाळलेले वाक्यही लिहिले. आजीबाई वाईट, असे मात्र लिहिता येईना. त्यांच्या हाताची ऊब खरी होती. बॉस्टनचे गृहस्थ ‘त्या लोकां’विषयी काय म्हणाले असते, तेही मला ठाऊक नव्हते, ते काही बोलतच नव्हते ना!

तीन आठवड्यांनी बहिणीचे उत्तर आले. भिशीत पत्र वाचून दाखवले नाही, असे तिने लिहिले होते. पुढे दोनच ओळी होत्या : ‘ताई, आत्याच्या घरी आल्यागेल्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नसे. आणि कामाला येणाऱ्या सखूबाईंची कानतुटकी कपबशी मोरीपाशी वेगळी ठेवलेली असे. आठवते ना?’

आठवत होती. आत्याकडे चार दिवस राहून एखाद्या इंग्रज बाईने पुस्तक लिहिले असते, तर आमच्या अगत्याची वाखाणणी केली असती. कपबशी तिला दिसली असती का, सांगता येत नाही. मला तरी लहानपणी ती कुठे दिसली होती?

आता परदेशी जाऊन आलेले कोणी ‘तिकडची माणसे अशी’ असे सांगू लागले, की मी दोन प्रश्न विचारते. कोणत्या दाराने आत गेलात? आणि पत्रात काय लिहिले नाहीत?